मनातले मांडे, खापरावरचे मांडे

हाती न येणाऱ्या सुखाचे वर्णन करण्यासाठी मराठी भाषेने 'मनातले मांडे' हा वाक्प्रचार घडविला. त्यासाठी लाडू किंवा पोळी न निवडता मांडाच निवडला गेला, यामागे स्वयंपाकघरातील अनुभव असावा. मांडा मनात करणे जितके सोपे, तितकेच तो खापरावर करणे अवघड. जुने पाकग्रंथ उघडून त्यांतील पदार्थ घरच्या चुलीवर करू पाहणाऱ्यांना याच अंतराचा प्रत्यय येतो. ग्रंथातील वाक्ये सुबोध असतात, साहित्य बाजारात मिळते, कृतीत काही गूढ दिसत नाही. तरीही पदार्थ कधी फुटतो, कधी दगडासारखा होतो आणि कधी अनपेक्षितपणे उत्तम साधतो. या फजितीकडे गमतीचा विषय म्हणून पाहिले जाते. वास्तविक ती ग्रंथवाचनाचीच एक पद्धत आहे. ग्रंथकार जेथे गप्प बसला तेथेच पदार्थ बिघडतो, आणि ती जागा कोणाच्या हातांनी भरून काढली होती, याचा शोध तेथूनच सुरू होतो.

भारतात पाकक्रिया लिहून ठेवण्याची परंपरा दीर्घ आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील. माळव्यातील मांडू येथे गियासशाह व त्याचा पुत्र नासिरशाह यांच्या काळात, १५०० च्या सुमारास, 'निअमतनामा' हा सचित्र फारसी ग्रंथ सिद्ध झाला. त्याच सुमारास मंगरसाने कन्नडमध्ये पद्यमय 'सूपशास्त्र' रचले. सोळाव्या शतकात क्षेमशर्म्याचे 'क्षेमकुतूहल' आणि सतराव्या शतकात रघुनाथ पंडिताचे 'भोजनकुतूहल' हे संस्कृत ग्रंथ निर्माण झाले. यांचे कर्ते राजे, दरबारी पंडित, कवी किंवा वैद्यकाचे जाणकार होते. ज्यांच्या हातावर चटके होते, ते बल्लव आणि त्या गृहिणी लेखक नव्हत्या. ग्रंथांतून जे गळाले ते बहुतांशी त्यांच्याजवळचे होते.

'मानसोल्लासा'तील अन्नभोगाच्या प्रकरणात मांड्याची कृती येते. गहू धुऊन, वाळवून, दळून, चाळून त्याची कणीक तूप व मीठ घालून मळावी, गोळे करावेत, ते तांदळाच्या पिठीत घोळून हातांनी पसरावेत आणि तापलेल्या खापरावर भाजावेत, असा तिचा आशय. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी संपादिलेल्या या ग्रंथामुळे ती कृती आधुनिक वाचकांसमोर आली. परंतु ती वाचून आजच्या घरात मांडा करू जावे, तर पहिला अडथळा 'हातांनी पसरावे' या शब्दांपाशीच येतो. लाटण्याने लाटलेली पोळी तव्यावर पडते खरी, पण तो मांडा नव्हे. हातावर पसरू पाहावे तर मधोमध भोक पडते. कणीक किती सैल असावी, ती किती वेळ तिंबावी व किती काळ झाकून ठेवावी, याविषयी राजा काही सांगत नाही. त्याला ते ठाऊक असण्याचे कारणही नव्हते.

या प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयाबाहेर मिळतात. खानदेशात पुरण भरलेले मांडे आजही पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर भाजले जातात. कणीक पाण्याच्या हाताने पुनःपुन्हा तिंबून इतकी लवचिक करतात की, तो उंडा दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत फिरवीत, केवळ स्वतःच्या भाराने पसरत जातो. बेळगावकडील मांडे वेगळे. तेथे साखरेचे सारण घालून त्यांची घडी करतात. मुक्ताबाईने ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा महाराष्ट्राच्या घराघरांत सांगितली जाते; खापर मिळू न देण्याचा छळ हाच त्या कथेचा आधार आहे. खापरावाचून मांडा नाही, हे श्रोत्यांना ठाऊक होते, म्हणूनच ती कथा त्यांना भिडली. कल्याणीच्या ग्रंथातील अर्धे वाक्य खानदेशातील स्त्रियांच्या हातात पूर्ण होते, ते असे.

दुसऱ्या प्रकारची फसगत ओळखीच्या नावामुळे होते. 'मानसोल्लासा'त 'इडरिका' आहे. नाव वाचताच इडलीची आठवण होणे स्वाभाविक. पण ही इडरिका निव्वळ उडदाच्या पिठाची आहे. तीत तांदूळ नाही आणि तिला मिरी, जिरे व हिंग यांचा स्वाद आहे. आजच्या इडलीच्या अपेक्षेने ती करणाऱ्याच्या हाती मऊ, काहीसा चिकट आणि उग्र वासाचा पदार्थ येतो, आणि कृती चुकल्याची समजूत होते. चूक अपेक्षेची असते. उडदाबरोबर तांदूळ आल्याने इडलीला जो रवाळपणा लाभला, त्याचे महत्त्व ही बिनतांदळाची इडरिका खाल्ल्यावरच पुरते पटते. जुन्या पदार्थांत सवयीने लाल तिखट टाकणाऱ्यांचीही अशीच गत होते. मिरची पोर्तुगिजांच्या आगमनानंतर, सोळाव्या शतकात, या देशात आली. त्यापूर्वीचा तिखटपणा मिरी, पिंपळी, सुंठ आणि आले यांचा. तो जिभेच्या टोकाला न झोंबता घशात सावकाश उतरतो. तिखटाचा डबा बाजूला ठेवण्याचा संयम ज्यांनी पाळला, त्यांना बाराव्या शतकाची चव काही अंशी तरी कळली.

ग्रंथांचे मौन नेहमीच उणीव असते असे मात्र नाही. जिलबीचे उदाहरण यासाठी बोलके आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी या पदार्थाचा इतिहास कसोशीने मांडला आणि तंजावरच्या दीपाबाई राणीचा आश्रय लाभलेल्या रघुनाथ पंडिताच्या 'भोजनकुतूहला'कडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त 'कुंडलिनी' या नावाने जिलबीचीच कृती आहे. नव्या घटाला आतून आंबट दही लावावे, दोन प्रस्थ मैदा, एक प्रस्थ आंबट दही व थोडे तूप एकत्र घोळून त्यात भरावे आणि आंबट होईपर्यंत उन्हात ठेवावे. मग छिद्रातून तापल्या तुपात वेटोळी सोडावीत व तळून पाकात टाकावीत. यात तासांचा हिशेब नाही. आजच्या वाचकाला ही त्रुटी वाटते, म्हणून तो आपल्या मनाने 'रात्रभर' ठरवितो. वैशाखात पीठ नको तितके आंबते आणि तार तुटते. पौषात ते आंबतच नाही आणि जिलबी चिवट होते. 'आंबट होईपर्यंत' हा शब्दप्रयोग घड्याळापेक्षा अचूक आहे, हे दोन-तीन घाणे वाया गेल्यावर लक्षात येते. तंजावर असो की काशी, उन्हाळा असो की हिवाळा, ती सूचना सर्वत्र खरी ठरते. घट नवा हवा, यालाही अर्थ आहे. कोऱ्या मातीला दुसऱ्या अन्नाचा वास नसतो आणि तिच्या सूक्ष्म छिद्रांत दह्याचे विरजण मुरते. गुळगुळीत पोलादी भांड्यात ही सोय नाही.

मुद्रणाचे युग आल्यावर पाकग्रंथांचा वाचक बदलला. बंगालीत 'पाकराजेश्वर' १८३१ साली छापले गेले. मराठीत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली प्रसिद्ध झाले. आता पुस्तक दरबारातून घरात आले आणि घरातल्या व्यक्तीने ते वाचून पदार्थ करावा, ही अपेक्षा निर्माण झाली. त्याबरोबर मापे आली आणि मापांबरोबर नवे घोटाळे आले. त्यांतील सर्वांत मोठा घोटाळा शेराचा. सरकारी पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. मुंबईचा जुना शेर सुमारे २८ तोळ्यांचा, म्हणजे जेमतेम ३२५ ग्रॅम. शिवाय धान्य मोजण्याचा मापी शेर निराळा. अशा चार शेरांची एक पायली. पुस्तकातील 'एक शेर' नेमका कोणता, हे त्या काळच्या वाचकाला गावावरून कळे; पुढच्या पिढीला ते कळण्याचा मार्ग उरला नाही. सगळेच जिन्नस शेरात सांगितले असते, तर पदार्थ कमी-अधिक होण्यापलीकडे बिघडले नसते. पण डाळ शेरात, तूप पावशेरात, मसाला तोळ्यामाशांत आणि मीठ 'बेताने' असल्यामुळे एका मापाची चूक सर्व प्रमाण मोडते. मुंबईच्या शेराचे पुस्तक पक्क्या शेराने वाचले की, डाळ तिप्पट होते आणि मसाला होता तितकाच राहतो. अशी आमटी पानात वाढल्यावर दोष मात्र पुस्तकाच्या वाट्याला येतो, नाहीतर सुनेच्या.

मापांइतकाच प्रश्न शब्दांचा होता. देवेंद्रनाथ ठाकुरांची नात आणि असमिया साहित्यिक लक्ष्मीनाथ बेजबरुआ यांची पत्नी प्रज्ञासुंदरी देवी हिने विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालीत 'आमिष ओ निरामिष आहार' हा ग्रंथ सिद्ध केला. तिने स्वयंपाकघरातील बोलीशब्द अर्थासह नोंदविले आणि जेवणातील पदार्थांच्या यादीसाठी 'क्रमणी' हा शब्द रूढ करण्याचा प्रयत्न केला. फुलकोबीपासून केलेल्या बर्फीला तिने रवींद्रनाथांच्या सन्मानार्थ 'कविसंवर्धना' असे नाव दिले. फुलकोबीची बर्फी करणाऱ्याची पहिली खेप बहुधा फसते. भाजीतील पाणी पुरते आटले नाही, तर वडी पडत नाही आणि भाजीचा वासही जात नाही. मात्र आच आणि धीर साधला की, खाणाराला मूळ जिन्नस ओळखता येत नाही. शब्दांचा अर्थ देणारी ही लेखिका स्वतः चुलीपाशी उभी राहणारी होती, हे महत्त्वाचे. ग्रंथकार आणि पाककर्ती यांच्यातील शतकांचे अंतर येथे मिटू लागले.

मराठीत हेच कार्य लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' या पुस्तकाने केले. तरीही स्वयंपाकघरातील अग्नी पुस्तकात उतरविणे कठीणच राहिले. पाठारे प्रभूंच्या भानोल्यासारखे पदार्थ खाली विस्तव आणि वर झाकणावर निखारे ठेवून भाजले जात. गॅसच्या शेगडीवर ते तळाशी करपतात व वरून ओले राहतात. भट्टीच्या पेटीत, जिथे उष्णता चहूबाजूंनी मिळते, तिथे साधतात. ज्या आधुनिक साधनाने जुनी चव नष्ट केली असे म्हणतात, तेच येथे तिला परत आणते.

काही पदार्थांचे अपयश इतके नित्याचे होते की, भाषेने त्याला नाव दिले. अनारसा तुपात विरून जाळीसारखा फुटला की, तो 'हसला' असे म्हणतात. तांदूळ तीन दिवस भिजवावे, रोज पाणी बदलावे, सावलीत कोरडे करून दमट असतानाच कुटावे, पिठाइतकाच गूळ घालून गोळा मुरत ठेवावा, ही रीत सर्वश्रुत. पण जुना गूळ आणि आजचा गूळ यांतील ओलावा सारखा नसतो. गूळ ओला किंवा अधिक झाला की, अनारसा हसतो. मग थोडी तांदळाची पिठी मिसळून त्याला ताळ्यावर आणावे लागते. हा उपाय वडीलधाऱ्या बायका पहिला अनारसा तुपात पडताच सांगत. पुस्तकाला तो आधी सांगता येत नाही, कारण पुस्तकाला पुढ्यातला गूळ दिसत नाही.

१९५६ च्या कायद्यानंतर, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने रूढ झाली आणि शेर-तोळे व्यवहारातून गेले. जुनी पाकपुस्तके त्यामुळे आणखी दुर्बोध झाली. अशा वेळी, १९७० साली, कमलाबाई ओगले (१९१३–१९९९) यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले. त्यांनी घरातील वाटी आणि चमचा हेच माप धरले. शास्त्रीय दृष्टीने वाटी हे अनिश्चित माप. पण एका स्वयंपाकात एकच वाटी वापरली की, प्रमाण ढळत नाही. 'पिठाइतका गूळ' किंवा 'दोन प्रस्थांस एक प्रस्थ' यांतही हेच शहाणपण होते. शिक्षण आणि नोकरीसाठी घरापासून दूर गेलेल्या असंख्य मुलींना आणि मुलांनाही, चुलीपाशी सांगणारे कोणी नसताना, त्या पुस्तकाने आधार दिला.

कल्याणीच्या राजापासून सांगलीच्या गृहिणीपर्यंतचा हा प्रवास पाहिला म्हणजे पाकग्रंथांच्या इतिहासाची दुहेरी वीण दिसते. एक धागा लिहिलेल्या शब्दांचा. तो ग्रंथालयांनी जपला. दुसरा हातांचा, तो आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे आला आणि जिथे घरे विखुरली तिथे तुटला. हस्तलिखिताची झीज डोळ्यांना दिसते, त्यावर उपचारही होतात. खापरावर मांडा टाकणारे हात थांबले तर त्याची नोंद कोठेही होत नाही. 'हातांनी पसरावे' हे शब्द तेवढे शाबूत राहतात, आणि त्यांचा अर्थ सांगणारे कोणी उरत नाही. म्हणून जुनी कृती घरी करून पाहणाऱ्याचा फसलेला घाणा वाया जात नाही. कोणता प्रश्न कोणाला विचारायचा, हे त्यातून कळते, आणि उत्तर देणाऱ्या व्यक्ती अद्याप खानदेशातील आणि बेळगावातील घरांत आहेत, तोवर तो विचारून घेता येतो.