नालवाडीच्या चपलेचं कूळ

विदर्भातल्या हिंगणीसारख्या गावात बैल मेला की पूर्वी त्याच्या पायांना दोर बांधून गावाबाहेर फरफटत नेत. दगडधोंड्यांवर घासून कातडं खरचटे, आणि पुढे त्याची चप्पल झाली तरी ते ओरखडे जात नसत. तिथल्या उन्हात सोलायला उशीर झाला की कातडं सडू लागे. ज्याच्या माथी हे काम जातीनं मारलं होतं, त्याला ना मान मिळे ना धड दाम.

महात्मा गांधींनी सप्टेंबर १९३४ मध्ये आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात खेड्यातल्या कातडी कमावण्यावर लेख लिहिला, तो याच मुद्द्यावर. फरफटण्यानं कातड्याचा भाव उतरतो, हे त्यांनी त्यात बजावलं. देशातून दरसाल सुमारे नऊ कोटी रुपयांचं कच्चं कातडं बाहेर जातं आणि त्यातलं बरंचसं तयार माल होऊन परत येतं, असा अंदाजही त्यांनी मांडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीतून त्याचा कारभार चालू लागला.

गांधींना चपलेचं काम हातानं येत होतं. दक्षिण आफ्रिकेत त्यांचे स्नेही हर्मन कॅलनबाख ट्रॅपिस्ट मठात चपला करायला शिकले, आणि टॉलस्टॉय फार्म या त्यांच्या वसाहतीत ती विद्या गांधींकडे आली. तुरुंगात केलेला एक जोड त्यांनी तिथल्या सरकारातल्या जनरल स्मट्सना भेट दिला. स्मट्सनी तो कित्येक उन्हाळे वापरला आणि १९३९ मध्ये, गांधींच्या सत्तरीला, आदरानं परत पाठवला.

वर्ध्यालगतच्या नालवाडीत गांधींचे अनुयायी विनोबा भावे १९३२ च्या अखेरीस राहायला आले. तिथंच गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय, म्हणजे कातडं कमावण्याची आणि चपलांची कार्यशाळा, उभं केलं. नियम एकच: कातडं आपल्या मरणानं मेलेल्या जनावराचंच घ्यायचं. वर्धा हा गवळाऊ बैलांचा मुलूख, त्यामुळे कच्चा माल गावोगावी होता. विनोबांच्या आश्रमाची माणसं स्वतः कातड्याला हात घालू लागली. मला या चपलेच्या कुळातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. तरी याची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी आपल्या माणसांना मृत जनावराचं मांस सोडण्याची हाक दिली होती. मांसाबरोबर जन्मानं लादलेलं हे कामही टाकून देणाऱ्यांचा स्वाभिमान आणि ते आपणहून उचलणाऱ्यांची सेवा यांना एका मापानं मोजता येत नाही.

आता कातड्याकडे येऊ. सोललेल्या कातड्याला आधी मीठ चोळतात. मीठ ओल ओढून घेतं, म्हणून ते सडत नाही. मग ते धुऊन चुन्याच्या पाण्यात भिजत घालतात. केस सुटले की खरवडून काढतात. शेवटी बाभळीची साल आणि हिरडा. गावाकडच्या जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून टांगत, तिच्यात साल आणि सालीचं पाणी भरत. तो तांबूस रस आतून झिरपत बाहेर ठिबके, आणि साल बदलत बदलत कातडं पक्कं होई. असं कातडं पायाच्या घडणीप्रमाणे बसतं, पण सारखं भिजलं तर काळवंडतं आणि कडक होतं.

वर्धा-नागपूरकडची पोरं आता टोरांटो-शिकागोला नोकरीला जातात, तेव्हा कातड्याची ही ओळख उपयोगी पडते. तिकडं बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरनं १९३८ मध्ये हा प्रयोग केला आणि महायुद्धानंतर ती रीत सगळीकडे पसरली. कातडं टिकवणारं मीठच मग तयार बुटाच्या मुळावर येतं. खारट पाणी आत मुरतं, पाणी उडून जातं आणि बुटावर पांढरी रेघ उमटते. कातडं आक्रसतं आणि दुमडीवर चिरतं.

म्हणून कचेरीतल्या बुटासाठी वरचं कातडं सालीऐवजी क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं आणि गुळगुळीत घ्यावं. ते पाण्याला सहजी दाद देत नाही. लवदार स्वेड टाळावं. सोल रबरी असावा, आणि खिशाला झेपत असेल तर वेल्टनं (कडेच्या पट्टीनं) शिवलेला, म्हणजे झिजल्यावर मोची तो बदलून देतो. घरी आल्यावर त्याच दिवशी पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ओल्या फडक्यानं पुसावं, हीटरपासून दूर सुकू द्यावं, मग पॉलिश चोळावं. फार हिमवर्षाव असेल तर वरून रबरी जोडा चढवावा.

इतकं पाळलं तर मध्यम किमतीचा बूटही बरेच हिवाळे निघतो. दुकानात भाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: कातडं कशाचं, कशानं कमावलं, आणि सोल कसा जोडला. नालवाडीनं पहिला प्रश्न जिवापाड जपला. बाकीचे दोन आपण विचारले, की स्वस्त काय नि महाग काय, हे आपोआप कळतं.