इंग्लंड आणि वेल्समधील माउंटन बाइक मार्ग

इंग्लंड आणि वेल्सच्या ग्रामीण भागात माउंटन बाइक (खडबडीत व चढउताराच्या वाटांसाठी बनवलेली सायकल) कोणत्या वाटांवरून चालवता येते, हे प्रामुख्याने सार्वजनिक वहिवाटीच्या कायद्यावरून ठरते. तेथील बहुतेक शेतजमीन, कुरणे व वने खाजगी मालकीची आहेत. तथापि त्यांतून जाणाऱ्या असंख्य जुन्या वाटांवर जनतेला ये-जा करण्याचा हक्क आहे. हा हक्क वाटेच्या प्रकारानुसार बदलतो. त्यामुळे डोळ्यांना दिसणारी प्रत्येक वाट सायकलस्वारासाठी खुली असतेच असे नाही.

वाटांचे प्रकार

सार्वजनिक वाटांचे चार वर्ग आहेत.

• फुटपाथ – केवळ पादचाऱ्यांसाठीची पायवाट. दिशादर्शक बाणाचा रंग पिवळा.
• ब्राइडलवे – पादचारी, घोडेस्वार व सायकलस्वार यांच्यासाठी. बाण निळा.
• रिस्ट्रिक्टेड बायवे – वरील सर्वांसह घोडागाडीसारख्या बिनमोटारी वाहनांसाठी. बाण जांभळा.
• सर्व वाहतुकीस खुला बायवे – मोटार वाहनांसही मुभा. बाण लाल.

यांपैकी शेवटच्या तीन वर्गांवर सायकल चालवता येते. फुटपाथवर जमीनमालकाच्या परवानगीवाचून सायकल चालवणे हा सामान्यतः फौजदारी गुन्हा नसून दिवाणी स्वरूपाचा अतिक्रमणाचा प्रकार मानला जातो. मात्र काही ठिकाणी स्थानिक उपविधींनुसार बंदी असते. एकूण सार्वजनिक वाटांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लांबी फुटपाथची असल्याने सायकलस्वारांच्या वाट्याला सुमारे एक पंचमांश जाळे येते. तेही सलग नसते. एखादा ब्राइडलवे मध्येच फुटपाथला मिळून संपतो आणि पुढचा टप्पा डांबरी रस्त्याने जोडून घ्यावा लागतो.

कायद्याची पार्श्वभूमी

राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण प्रवेशविषयक १९४९ च्या कायद्याने स्थानिक प्राधिकरणांवर आपल्या हद्दीतील सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा व विवरणपत्र तयार करण्याची जबाबदारी टाकली. अशा नकाशावर दाखवलेली वाट हा त्या हक्काचा निर्णायक पुरावा ठरतो. ब्राइडलवेवर सायकल चालवण्याचा हक्क १९६८ च्या ग्रामीण क्षेत्र कायद्याच्या कलम ३० ने दिला. त्या वेळी माउंटन बाइक हा प्रकार अस्तित्वात आलेला नव्हता. या कलमानुसार सायकलस्वाराने पादचारी व घोडेस्वार यांना आधी वाट द्यावी लागते. तसेच वाट सायकलींसाठी सोयीची करण्याचे बंधन प्राधिकरणावर नाही. म्हणून कायद्याने खुला असलेला मार्ग चिखलाचा, खडकाळ किंवा झुडपांनी वेढलेला असू शकतो.

नकाशावरून मार्ग शोधणे

ऑर्डनन्स सर्व्हे या राष्ट्रीय नकाशा संस्थेच्या दोन मालिका या कामी वापरल्या जातात. 'एक्सप्लोरर' मालिकेचे प्रमाण १ : २५,००० असून त्यात १ किमी अंतर ४ सेंमीने दाखवलेले असते. 'लँडरेंजर' मालिकेचे प्रमाण १ : ५०,००० आहे. एक्सप्लोरर नकाशावर सार्वजनिक वाटा हिरव्या रंगात असतात. आखूड तुटक रेषा फुटपाथ, तर लांब तुटक रेषा ब्राइडलवे दर्शवते. काळ्या रंगातील वाट जमिनीवर अस्तित्वात आहे एवढेच सांगते, तीवरून हक्क सिद्ध होत नाही.

मार्ग आखताना प्रथम ब्राइडलवे व बायवे ओळखून ते लहान रस्त्यांनी जोडले जातात आणि त्यांतून घरापासून निघून परत येणारा वर्तुळाकार मार्ग बनवला जातो. समोच्च रेषा जितक्या दाट तितका चढ तीव्र असतो. त्यामुळे चढण रस्त्याने आणि उतार वाटेने येईल अशी दिशा निवडणे सोयीचे ठरते. नकाशा छापल्यानंतर वाट वळवली गेली असण्याची शक्यता असल्याने अंतिम खात्री प्राधिकरणाच्या अधिकृत नकाशावरून करतात.

ओपनस्ट्रीटमॅपसारखे स्वयंसेवकांनी घडवलेले नकाशे आणि सायकलस्वारांच्या नोंदींवरून बनलेले वर्दळीचे नकाशे हीही उपयुक्त साधने आहेत. मात्र एखाद्या वाटेवर पुष्कळ सायकली जातात एवढ्यावरून तेथे सायकल नेण्याचा हक्क आहे असे ठरत नाही.

काही प्रमुख मार्ग

विंचेस्टर ते ईस्टबोर्न हा सुमारे १६० किमी लांबीचा साउथ डाउन्स वे सायकलस्वारांना जवळजवळ संपूर्ण खुला आहे. रिजवे या प्राचीन मार्गाचा पश्चिम भागही सायकलींसाठी खुला आहे. वेल्समधील स्नोडन (अर विद्वा) शिखरावर जाणाऱ्या ब्राइडलवेंवर गर्दी टाळण्यासाठी १ मे ते ३० सप्टेंबर या काळात सकाळी १० ते सायंकाळी ५ पर्यंत सायकल न नेण्याचा ऐच्छिक करार आहे. वेल्समधील कोइड अ ब्रेनिन या वनक्षेत्रात खास माउंटन बाइकसाठी बांधलेले मार्ग आहेत.

नोंद नसलेल्या वाटा

अनेक जुन्या वाटा अधिकृत नकाशावर कधीच नोंदल्या गेल्या नाहीत, तर काही ब्राइडलवे केवळ फुटपाथ म्हणून नोंदले गेले. जुने जमीनवाटपाचे निवाडे, धर्मदाय कराचे नकाशे किंवा जनतेने २० वर्षे सलग व हक्काने केलेला वापर यांच्या पुराव्यावर नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज करता येतो. २००० च्या कायद्याने इंग्लंडमध्ये ऐतिहासिक पुराव्यावर आधारित नोंदींसाठी १ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत ठेवली होती. २०२३ मध्ये ती २०३१ पर्यंत वाढवण्यात आली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्द करण्याचा मनोदय सरकारने जाहीर केला. मुदत लागू झाल्यास शतकानुशतके वापरात असलेल्या वाटांवरील हक्क केवळ नोंदीअभावी नष्ट होण्याचा धोका असल्याने हा प्रश्न पादचारी, घोडेस्वार व सायकलस्वार या तिघांनाही महत्त्वाचा वाटतो.

स्कॉटलंडमधील वेगळी पद्धत

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीनसुधारणा कायद्याने बहुतांश जमिनीवर व अंतर्गत जलाशयांवर जबाबदारीने वावरण्याचा सर्वसाधारण हक्क दिला असून त्यात सायकलचाही समावेश होतो. घरांचे आवार आणि उभे पीक असलेली शेते यांना तो लागू नाही.

वापराचे संकेत

फाटक ज्या स्थितीत आढळले त्याच स्थितीत ठेवणे, घोड्याजवळून जाताना वेग कमी करून आवाज देणे, गुरांच्या कुरणातून सावकाश जाणे आणि पावसाळी दिवसांत मऊ मातीच्या वाटा टाळणे हे संकेत सर्वमान्य आहेत. ओल्या मातीत चाकांनी पडलेल्या चरांतून पाणी वाहू लागते आणि वाटेची धूप वाढते.