लंडनचा एम्प्रेस हॉल आणि गोळेश्वरचा पैलवान

श्रोतेहो, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे नाव घेतले की खाशाबा जाधव आठवतात, आणि त्यापाठोपाठ हेलसिंकी, 1952 साल, ब्राँझचे पदक. पण त्याआधी चार वर्षे हाच गडी लंडनच्या एका सभागृहात लढला होता. आज त्या जागेचीच हकिकत सांगायची आहे.

लंडनच्या अर्ल्स कोर्ट भागात 1895 साली इम्रे किराल्फी नावाच्या गृहस्थाने एक प्रचंड नाट्यगृह उभारले. त्याच साली त्या आवारात हिंदुस्थान साम्राज्याचे प्रदर्शन भरले. आपला देश इंग्रजांनी तिकीट काढून पाहिला म्हणा ना! पुढे 1935 साली तिथे बर्फावर घसरण्याचे खेळ सुरू झाले आणि जागेला एम्प्रेस हॉल म्हणू लागले.

1948 ची ऑलिंपिक लंडनला भरली. युद्ध संपून तीनच वर्षे झालेली, इंग्लंडात अजून रेशनिंग चालू. नवे बांधकाम करायला पैसा नव्हता, तेव्हा जुन्याच जागा वापरल्या. एम्प्रेस हॉलच्या वाट्याला मुष्टियुद्ध, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स आणि वजन उचलण्याच्या स्पर्धा आल्या. जुलैअखेर तिथे कुस्त्या झाल्या, आणि ऑगस्टात त्याच छपराखाली गुद्दे बसू लागले. मुष्टियुद्धाच्या अंतिम लढती मात्र वेंब्लीला झाल्या.

खाशाबांचा लंडनचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. वय बावीस, वजनगट सर्वांत हलका. खरी अडचण वेगळीच होती. आपली कुस्ती मातीतली. हौद्यात हळद, ताक, तेल घालून कमावलेली लाल माती. पायाची बोटे त्यात रुततात, ओला अंग माती चोळून धरता येतो, आणि निकाल म्हणजे चितपट, मग वेळ कितीही लागो. तिथे होती गादी. पाय रोवायला काही नाही, घड्याळ चालू, आणि चितपट झाली नाही तर पंच निर्णय देणार. ज्या पोराने गादीवर फारसे पाऊल ठेवले नव्हते, त्याला जगातल्या निवडक मल्लांपुढे उभे केले. अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी तिथे त्यांना शिकवले. तरी खाशाबा सहावे आले. माझ्या मते हेलसिंकीच्या पदकाचा पाया इथेच पडला, आणि आपण मात्र त्या सहाव्या क्रमांकाकडे पाहत नाही.

चार वर्षांनी फिनलंडला जाताना पैशांसाठी वणवण झाली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. गुरुजनांनो, ही गोष्ट वर्गात जरूर सांगा.

इकडे एम्प्रेस हॉलचे दिवस भरत आले होते. 1950 ते 60 च्या दशकात तो बंद पडून पाडला गेला, आणि त्या जागी 1961 च्या सुमारास एम्प्रेस स्टेट बिल्डिंग ही उंच कचेरी उभी राहिली. जुने नाव तेवढे राहिले. खाशाबा 1984 साली अपघातात गेले. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत कुस्तीचे नवे सभागृह बांधले, त्याला त्यांचे नाव आहे. तिथेही गादीच अंथरलेली असते.