हलते नं सगळं

शनिवार, रात्री ९:४०. चिखलीतल्या घरात जेवणाची ताटे उचलली गेली आणि त्या जागी विमान आले. माझा भाचा दिवाळीपासून त्यावर खपत होता. पंखाची लांबी १४०० मिलिमीटर, रुंदी २००. बॅटरीसकट वजन १ किलो ८० ग्रॅम. पंख धडाच्या वर बसवलेला, म्हणजे शिकाऊ हाताला सांभाळून घेणारी बांधणी. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले उड्डाण होते. ते पाच सेकंद टिकले.

९:५५. ट्रान्समीटर मित्राकडून आणलेला. "एक नंबरवर माझं विमान सेव्ह आहे, तू दोन नंबर घे," एवढे त्याने बजावले होते. दोन नंबरची जागा कोरी. कोऱ्या जागेत प्रत्येक चॅनेलची दिशा 'नॉर्मल' असते. ती आपल्या विमानाला जुळेलच असे नाही. सर्व्हो, म्हणजे पट्टी हलवणारी छोटी मोटर, कुठल्या अंगाने बसवला आणि तार दांडीच्या कुठल्या टोकाला अडकवली, यावर ते ठरते.

१०:१५. एलिव्हेटर उलटा निघाला. स्टिक मागे ओढली की शेपटीची पट्टी वर उचलली पाहिजे. ती खाली गेली. मेनूत 'रिव्हर्स' केले, काम झाले. रडर बरोबर होता. आयलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पट्ट्या, राहिले. ते पंखावर असतात, आणि पंख चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलेला. स्टूल आतल्या खोलीत होते आणि आत आजी झोपली होती.

एक पट्टी उलटी सापडल्यावर बाकीच्यांचाही संशय यायला हवा. पण चूक सापडून दुरुस्त झाली की माणसाला तपासणी पूर्ण झाल्यासारखे वाटते.

१०:४०. बॅटरी चार्जिंगला. तीन सेल, २२०० मिलिअँपिअर-अवर. भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट, एकूण १२.६. लिथियम-पॉलिमरची बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून भाचा शेवटपर्यंत शेजारी बसून राहिला.

रविवार, सकाळी ६:५०. मेहकर रस्त्यालगतचे शेत. सोयाबीन निघालेले, हरभरा पेरलाच नव्हता, जमीन मोकळी. बांधापलीकडे तुरीची कापणी अर्धी झालेली. ड्रोन नियम २०२१ नुसार हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत उडवता येते. नकाशावर हे शेत हिरव्यातच होते. जानेवारीतला सूर्य अजून वर यायचा होता. वारा नाही.

७:०५. पंख धडावर ठेवून आठ रबरबँडांनी आवळला. पंखातून आलेली वायर रिसीव्हरमध्ये खोचली. मग बॅलन्स. पंखाच्या पुढच्या कडेपासून ६० मिलिमीटरवर दोन्ही बाजूंना बोट टेकवून विमान उचलले. शेपटी खाली गेली. शेपटीकडे जड असलेले विमान एकदाच उडते, असे या छंदातली जुनी माणसे सांगतात आणि भाच्याने ते मनावर घेतले होते. जागा होती तेवढी बॅटरी पुढे सरकवली. शेपटी अजून खालीच. सोबत आलेल्या मित्राने खिशातून पाच रुपयांची नाणी काढली. एक ठेवून पाहिले, दोन ठेवून पाहिले. तिसऱ्या नाण्याला विमान बोटांवर आडवे राहिले. नाणी नाकात चिकटपट्टीने बसवली, पुन्हा उचलून पाहिले, पुन्हा एकदा पाहिले. या कामाला वीस मिनिटे गेली.

७:२५. रेंजची तपासणी. ट्रान्समीटर कमी शक्तीवर ठेवून भाचा तीस पावले मागे गेला. स्टिक हलवली. विमानाजवळ बसलेला मित्र ओरडला, "हलते नं सगळं!"

हलत होते. कुठल्या दिशेने, हे तीस पावलांवरून भाच्याला दिसत नव्हते, आणि मित्राला कोणी विचारले नव्हते.

७:३१. आमचे आबा बांधावरून खाली उतरले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची नोकरी झाली. विमानाभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "काय रे, इकडं फिरवलं त इकडंच वळते ना?"

"हो आबा. आताच पाहिलं, हलते सगळं."

आबांनी मान डोलावली. त्यांनी विचारले होते दिशेबद्दल.

हा प्रश्न न विचारल्याने मोठी विमानेही गेली आहेत. २३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमध्ये वुडफर्डला ॲव्हरो ट्यूडर हे विमान उड्डाण करताच कोसळले. दुरुस्तीत आयलेरॉनच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. चालक बिल थॉर्न गेले. लँकेस्टर बॉम्बरचे रचनाकार रॉय चॅडविक आत होते, तेही गेले.

७:३८. तुरीचे शेंडे हलू लागले. "थांबायचं का?" मित्राने विचारले. "ऊन चढलं की वारा वाढतेच," भाचा म्हणाला. ते खरे होते. संगणकावरच्या सिम्युलेटरवर त्याचा हात चांगला बसला होता. तिथले आयलेरॉन सुलटे होते.

७:४१. मी मोबाइलवर चित्रण सुरू केले. पुढचे सेकंद त्यावरूनच मोजले आहेत.

थ्रॉटल पूर्ण. मित्राने चार पावले पळत जाऊन विमान हवेत सोडले.

पहिला सेकंद: सरळ, चढते.

दुसरा: डावा पंख किंचित खाली. मोटरच्या पिळामुळे असे होते. त्यात काही विशेष नाही. भाच्याने स्टिक जराशी उजवीकडे नेली.

तिसरा: डावा पंख आणखी खाली. स्टिक आणखी उजवीकडे.

चौथा: उंची सुमारे आठ मीटर. स्टिक उजवीकडे टोकाला. विमान उताणे.

पाचवा: नाक जमिनीत.

७:५५. प्रॉप तुटलेला, पंख मधोमध मोडलेला. तीनपैकी दोन नाणी ढेकळांत सापडली. बॅटरीचा एक कोपरा चेपला होता. ती वाळूच्या घमेल्यात ठेवून घमेले विहिरीपलीकडे नेले.

८:४०. दुसरी बॅटरी जोडली. रिसीव्हरचा दिवा लागला. पंखाचा उजवा तुकडा वायरीला लोंबत होता. आबांनी ट्रान्समीटर मागून घेतला आणि स्टिक उजवीकडे नेली. उजवी पट्टी वर यायला हवी होती. ती खाली गेली.

"ही त उलटी हाये," आबा म्हणाले.

८:४४. मेनूत आयलेरॉनच्या चॅनेलसमोर 'रिव्हर्स' निवडले. पंखाचा तुकडा बरोबर हलू लागला.