निकालावर पगार

‘ताण’ हा शब्द आज शिक्षकांच्या बोलण्यात वारंवार येतो. त्याचा शास्त्रीय अभ्यास हान्स सेल्ये यांच्या १९३६ मधील टिपणापासून सुरू झाला असे मानतात. शिक्षकाचा ताण मात्र त्याहून जुना आहे.

इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांनी शाळांसाठी नवी नियमावली आणली. निरीक्षक वर्षातून एकदा येई आणि वाचन, लेखन व अंकगणितात प्रत्येक मुलाची परीक्षा घेई. मूल एका विषयात नापास झाले, की शाळेचे २ शिलिंग ८ पेन्स अनुदान जाई. पुष्कळ ठिकाणी शिक्षकाचा पगार त्यावरच ठरे. साहजिकच परीक्षेतले तेवढेच घोकून घेतले जाऊ लागले. शिकवणे यांत्रिक झाल्याची तक्रार खुद्द निरीक्षक असलेल्या मॅथ्यू आर्नल्ड यांनी केली. १८९० च्या दशकात ही पद्धत संपली.

मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देत. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी सांगितले, की गरीब व अशिक्षित समाजासाठी ही पद्धत मुळीच योग्य नाही. अशा वस्तीत शाळा काढून शिक्षकाचे पोट भरणार नाही. प्रशिक्षित शिक्षकाला दरमहा निदान १२ रुपये तरी मिळावेत, अशी त्यांची मागणी होती.

यामागचे कारण पुढे विज्ञानाने उलगडले. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये दाखवले, की केवळ काम जास्त असल्याने माणूस खचत नाही. काम जास्त आणि निर्णय हाती नाही, तेव्हा तो अधिक खचतो. निकालाची जबाबदारी शिक्षकावर. पण मुलाची भूक, गैरहजेरी, शेतीची कामे त्याच्या हातात कोठे होती?

फुल्यांच्या काळी आपले कारंजा लाड मुंबई इलाख्यात नव्हते, वऱ्हाडात होते. १९९८ पासून ते वाशीम जिल्ह्यात आहे. २०१८ मध्ये हा जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत आला. तेथील प्रगती ४९ निर्देशकांवर मोजली जाते. त्यांत मुलांचे भाषा-गणितही आहे. मोजमाप वाईट नाही. डॉक्टरही ताप मोजतात, पण तापाबद्दल परिचारिकेचा पगार कापत नाहीत.

शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांची अशैक्षणिक कामे जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका एवढ्यांपुरती मर्यादित केली आहेत. उरलेल्या वेळेत काय व कसे शिकवायचे, यातले किती निर्णय आपल्या हाती आहेत? शिक्षकांच्या पुढील बैठकीत आपण याची यादी करून पाहू या.