पाढे पाठ, पण सुटे पैसे मोजता येत नाहीत? डिस्कॅल्क्युलिया कसा ओळखायचा आणि वसई-विरारच्या पालकांनी काय करायचं?

दहा रुपयांची कोथिंबीर, वीसचे टोमॅटो आणि भाजीवाल्या मावशींना दिली पन्नासची नोट. परत किती यायला हवेत? पाचवीतली बहुतेक मुलं हे तोंडी सांगतात. काही मुलं मात्र इथेच अडकतात. ही मुलं गोष्ट छान सांगतात, चित्रं सुंदर काढतात, मराठीत चांगले गुण मिळवतात, पण आकडे समोर आले की गोंधळतात. मग 'लक्ष नाही', 'आळशी आहे', 'मोबाइल कमी कर' असं ऐकून घेतात. त्यातल्या काहींना डिस्कॅल्क्युलिया असतो.

२००७ साली आलेल्या 'तारे जमीन पर' या सिनेमामुळे डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोहोचला. गणिताशी संबंधित असलेला डिस्कॅल्क्युलिया मात्र अजून फारसा कुणाला माहीत नाही.

डिस्कॅल्क्युलिया म्हणजे काय?

संख्या म्हणजे किती, कोणती संख्या मोठी, कोणती कशाच्या जवळ, ही जाण बहुतेकांना लहानपणीच येते. टेबलावर तीन बिस्किटं असली तर आपण ती मोजत बसत नाही, नुसतं बघून 'तीन' म्हणतो. डिस्कॅल्क्युलिया असलेल्या मुलांची ही जाणच कच्ची असते. त्यांच्यासाठी ७ हे एक चिन्ह असतं, त्यामागचं 'सातपण' चटकन जाणवत नाही. त्यामुळे बेरीज, वजाबाकी, पाढे हे सगळं अर्थाशिवाय पाठ करावं लागतं आणि पाठ केलेलं लवकर विसरलं जातं.

याचा बुद्धिमत्तेशी संबंध नाही. चेकोस्लोव्हाकियातले मानसशास्त्रज्ञ लादिस्लाव कोश्च यांनी १९७४ साली या अडचणीची व्याख्या मांडली, तेव्हाच एकूण बुद्धी सर्वसाधारण असताना फक्त गणिती क्षमतेत अडचण असू शकते, हे स्पष्ट केलं होतं. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत साधारण शंभरातल्या तीन ते सहा मुलांना डिस्कॅल्क्युलिया आढळतो. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात एकदोन मुलं असू शकतात.

डिस्कॅल्क्युलिया औषधाने बरा होत नाही. पण योग्य पद्धतीने शिकवलं तर मूल बरंच पुढे जातं. त्यासाठी तो वेळेवर ओळखणं महत्त्वाचं आहे.

मराठी आकडे आणखी कठीण का?

मराठीत आपण २५ लिहितो, पण म्हणतो 'पंचवीस', म्हणजे आधी पाच आणि मग वीस. लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम उलटा. २९ तर 'एकोणतीस', म्हणजे तिसाला एक कमी. मुलाच्या कानावर 'तीस' पडतं, पण लिहायचे असतात २ आणि ९. एकोणनव्वदपर्यंत हा नियम चालतो आणि ९९ ला अचानक 'नव्व्याण्णव' येतं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांसोबत 'वीस एक', 'सत्तर तीन' अशी वाचनाची पद्धत दिली गेली, तेव्हा राज्यभर वाद झाला होता. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण हेच सांगितलं होतं की, लहान मुलांना जोडाक्षरांची आणि उलट क्रमाची संख्यानामं अवघड जातात.

घड्याळाचंही तसंच आहे. 'पावणेतीन' म्हणजे दोन वाजून पंचेचाळीस मिनिटं, पण ऐकू येतं 'तीन'. सव्वा, दीड, अडीच, साडेतीन हे शब्द मोठ्यांच्या अंगवळणी पडलेले असतात. मुलाला त्यातलं प्रत्येक मनातल्या मनात उलगडावं लागतं.

म्हणून पहिली-दुसरीत ५२ चे २५ झाले म्हणजे लगेच डिस्कॅल्क्युलिया, असं समजू नका. तिसरी-चौथीपर्यंत बहुतेक मुलांचा हा गोंधळ संपतो. ज्यांचा संपत नाही, त्यांच्याकडे लक्ष द्यायला हवं.

कोणत्या खुणांकडे लक्ष द्यायचं?

बालवाडी ते दुसरी:
• तीन-चार वस्तू असल्या तरी दर वेळी एकापासून मोजणं.
• ८ मोठे की ५, हे सांगताना अडखळणं.
• आकडे म्हणता येतात, पण 'सहा मणी दे' म्हटलं की चुकतं.

तिसरी ते पाचवी:
• ८ + २ सारख्या बेरजेलाही बोटं लागणं. बोटांवर मोजणं हा दोष नाही, पण चौथी-पाचवीतही त्यावाचून काहीच जमत नसेल तर ती खूण आहे.
• 'सात एके सात'पासून पाढा म्हणता येतो, पण मध्येच 'सात सख किती?' विचारलं तर सुरुवातीपासून सुरू करावं लागणं.
• ३०५ हे ३००५ असं लिहिणं, हातचा घ्यायचा की नाही ते न कळणं.
• आज आलेलं उदाहरण उद्या पूर्ण विसरणं.

सहावीपासून पुढे:
• सुटे पैसे, वजन, अंतर यांचा अंदाज न येणं.
• शाळेला पोहोचायला किती वेळ आधी निघायचं, हे न कळणं.
• उत्तर अशक्य आहे, हे न जाणवणं. उदाहरणार्थ, एका वहीची किंमत २,४०० रुपये आली तरी खटकत नाही.
• गणिताच्या तासाला पोटात दुखणं, रडू येणं, शाळा टाळणं.

एखादी खूण सगळ्याच मुलांत दिसते. अनेक खुणा एकत्र, वर्षानुवर्षं आणि शिकवणी लावूनही टिकून राहिल्या तर तपासणी करा.

आधी हे तपासा

गणित न येण्याची इतरही कारणं असतात. दृष्टी किंवा ऐकण्यात दोष, वारंवार बदललेली शाळा, कोरोनाकाळात बुडालेला पाया, घरातला ताण किंवा गणिताची नुसती भीती.

वसई-विरारमध्ये भाषा हेही मोठं कारण असू शकतं. इथे घरात कादोडी, वाडवळी, वारली, गुजराती किंवा हिंदी आणि शाळेत मराठी किंवा इंग्रजी असं सर्रास असतं. सेमी-इंग्रजीत तर 'पंचवीस'चं एकदम 'ट्वेन्टी फाइव्ह' होतं. मुलाला संख्या कळते पण तिचं शाळेतलं नाव कळत नाही, अशी शक्यता असते. त्याला घरच्या भाषेत प्रश्न विचारून पाहा. उत्तर बरोबर आलं तर अडचण भाषेची आहे.

डिस्कॅल्क्युलियासोबत डिस्लेक्सिया किंवा एडीएचडी, म्हणजे लक्ष एकाग्र न होण्याची अडचण, असणंही नेहमीचं आहे. म्हणून तपासणी पूर्ण व्हायला हवी.

घरी काय करता येईल?

• आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा. २५ म्हणजे दोन गठ्ठे आणि पाच सुट्ट्या. हातात घेतलेलं डोक्यात लवकर उतरतं.
• 'पंचवीस' म्हणताना सोबत 'वीस आणि पाच' असंही म्हणा.
• एक ते दहा आकड्यांच्या सरळ पट्टीवर सोंगटी पुढे नेण्याचा खेळ खेळा. अमेरिकेत सीगलर आणि रमाणी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा खेळाने लहान मुलांची संख्यांची जाण सुधारलेली दिसली.
• आधी २, ५ आणि १० चे पाढे पक्के करा. मग ७ × ६ म्हणजे पाच सख तीस आणि दोन सख बारा, मिळून ४२, असं जोडायला शिकवा.
• बाजारात छोट्या रकमेचा व्यवहार मुलाला करू द्या. मागे रांग नसेल अशी वेळ निवडा.
• रोज पंधरा मिनिटं पुरेत. भावंडांशी तुलना नको.

शाळेत काय बदलता येईल?

शिक्षकांनी चौकटीची वही वापरायला दिली तर एकक, दशक, शतक एकाखाली एक येतात. एका पानावर कमी उदाहरणं द्यावीत. पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्यावा. घड्याळ लावून घेतलेली चाचणी आणि सगळ्यांसमोर फळ्यावर उभं करणं टाळावं. उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर तिचे गुण द्यावेत.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल असेल तर मुख्याध्यापकांमार्फत समग्र शिक्षा अभियानातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांशी संपर्क साधा.

तपासणी आणि प्रमाणपत्र

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' आहे आणि तिच्या व्याख्येत डिस्कॅल्क्युलियाचं नाव आहे. महाराष्ट्राने तर त्याच्या खूप आधी, १९९६ सालापासूनच, अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली.

केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळत असे. १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होत असे आणि १८ व्या वर्षीचं प्रमाणपत्र कायमचं असे. तपासणीत डोळे, कान, बुद्ध्यांक आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या असतात.

मुंबईतल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत ही सोय आहे. विरारच्या लोकलने गेलात तर नायर रुग्णालय मुंबई सेंट्रलजवळ, केईएम प्रभादेवी स्थानकापासून जवळ आणि सायन रुग्णालयासाठी दादरला गाडी बदलावी लागते. जाण्याआधी शाळेचं पत्र घ्या आणि पालघर जिल्ह्यातल्या मुलांसाठी नेमकं कुठे जायचं, हे शाळेकडून विचारून घ्या. वह्या, जुनी प्रगतिपुस्तकं, आधार कार्ड सोबत ठेवा. एका फेरीत काम होईलच असं नाही. खासगी समुपदेशकाचा अहवाल शिकवण्यासाठी उपयोगी पडतो, पण बोर्डाच्या सवलतीसाठी अधिकृत प्रमाणपत्र लागतं.

पालघर जिल्हा बोर्डाच्या वाशी इथल्या मुंबई विभागात येतो. सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. म्हणून दहावीची वाट न पाहता तपासणी आठवीपर्यंत करून घ्या.

सवलत घेताना एक निर्णय नीट करा

जादा वेळ आणि साधा कॅल्क्युलेटर या सवलतींनी मुलाचं काही नुकसान होत नाही. पण बीजगणित-भूमिती सोडून त्याऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित आणि कार्यानुभवाचा विषय घेण्याची सवलत वेगळी आहे. तिने दहावीचं ओझं कमी होतं, मात्र पुढे गणित लागणारे अभ्यासक्रम बंद होऊ शकतात. ज्या मुलाला चित्रकला, भाषा, स्वयंपाक किंवा समाजशास्त्रात पुढे जायचं आहे, त्याच्यासाठी ती मोठा आधार ठरते. ज्याला जादा वेळ देऊन गणित जमू शकतं, त्याने घाई करू नये. हा निर्णय मुलाला सोबत बसवूनच घ्या.

प्रमाणपत्र मिळालं की शिकवणं संपलं, असंही नाही. दहावीनंतरही त्याला पगार मोजायचा आहे, भाडं द्यायचं आहे, कर्जाचा हप्ता समजून घ्यायचा आहे. परीक्षेतून गणित सुटलं तरी व्यवहारापुरतं गणित त्याच्या वेगाने शिकवत राहावं लागतं.