काळजी, धडधड आणि दवाखाना

पिंपरी-चिंचवडच्या इतिहासात १९८२ हे साल महानगरपालिकेच्या स्थापनेचे म्हणून नोंदलेले आहे. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची मिळून १९७० साली नगरपालिका झाली होती. बारा वर्षांत तिची महानगरपालिका झाली. त्याच १९८२ सालच्या ऑगस्ट महिन्यात दिल्लीत राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला गेला. मनाच्या आजारांवरील किमान उपचार मनोरुग्णालयाच्या भिंतींबाहेर काढून नेहमीच्या आरोग्यसेवेत, म्हणजे जिथे माणूस ताप-खोकला घेऊन जातो तिथेच मिळावेत, असे त्याचे उद्दिष्ट होते. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तो पुढेही फारसा आला नाही, आणि म्हणूनच त्या शेजारी ठेवून पाहाव्यात असे आम्हांस वाटते. कार्यक्रमाच्या कर्त्यांपुढे खेडे होते आणि खेड्यातले प्राथमिक आरोग्य केंद्र होते. पाळीच्या भोंग्यावर चालणारे, भाड्याच्या खोल्यांचे, दर दोन वर्षांनी माणसे बदलणारे शहर त्यांच्या नकाशावर ठळक नव्हते.

त्याआधीचा इतिहास मुख्यतः भिंतींचाच आहे. पुण्याकडच्या बोलण्यात 'येरवड्याला पाठवणे' आणि मुंबईकडे 'ठाण्याला पाठवणे' या प्रयोगांचा जो अर्थ होतो, तो सांगायला कोशाची गरज नाही. १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालातही मानसिक आरोग्याचा विचार झाला, पण प्रत्यक्षात प्रश्न रुग्णालये आणि खाटा यांचाच राहिला. ज्याला वेड लागले त्याच्यासाठी, अपुरी का होईना, एक इमारत होती. ज्याला वेड लागलेले नाही, जो रोज कामाला जातो, पण ज्याच्या छातीत अकारण धडधड होते, हातापायांना घाम सुटतो, झोप उडते आणि आता आपले काही खरे नाही असे वाटत राहते, त्याच्यासाठी ना इमारत होती ना नाव.

नाव युरोपात सापडले, तेही उशिरा. १८६९ साली अमेरिकेत बेअर्ड या डॉक्टरांनी 'न्यूरॅस्थेनिया' ही संज्ञा पुढे आणली. मज्जातंतूंचा अशक्तपणा या अर्थाने ती जगभर फिरली आणि आपल्याकडे ताकदीच्या औषधांच्या जाहिरातींत स्थिरावली. १८९५ साली फ्रॉइडने त्या ढिगातून चिंतेचा विकार वेगळा काढला. १९६०च्या सुमारास लिब्रियम आणि पाठोपाठ व्हॅलियम आले, आणि विकाराला नाव मिळो न मिळो, गोळी मात्र मिळाली. १९६६ साली लंडनमध्ये मायकल शेपर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य डॉक्टरांकडे येणाऱ्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि मानसिक त्रासाचे बहुसंख्य रुग्ण मनोविकारतज्ज्ञाकडे कधी जातच नाहीत, ते फॅमिली डॉक्टरच्याच बाकावर बसलेले असतात, हे प्रथमच नीट पुराव्याने मांडले गेले. नेहमीच्या आरोग्यसेवेतल्या चिंताविकाराच्या संशोधनाचा आरंभ आम्ही इथे मानतो.

महाराष्ट्रात याच काळात एक वेगळा प्रयत्न झाला, त्याची आठवण फारशी काढली जात नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. न. स. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पातंजल योगाच्या कल्पनांवर आधारलेला उपचार चिंता व तत्सम विकारांच्या बाह्यरुग्णांवर वापरून पाहिला. १९७३ साली त्यांनी निष्कर्ष मांडले तेव्हा एका गटाला पूर्ण साधना आणि दुसऱ्या गटाला तिचे केवळ बाह्य अनुकरण अशी तुलना त्यांनी केली होती. योगाविषयी भक्तिभावाने लिहिणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. त्याला चाचणीच्या कसोटीवर उभे करणारे तेव्हा थोडे होते. पण हा उपचार महानगरातल्या मोठ्या रुग्णालयात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाला. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत तो पोचला नाही.

आता शब्दांकडे वळावे लागेल, कारण हे संशोधन पुढे सरकले ते शब्दांमुळे. मराठीत या अवस्थेसाठी शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता: धास्ती, घोर, धाकधूक, हुरहुर, घालमेल, तगमग, जीव घाबरा होणे, पोटात गोळा येणे, हातपाय गळणे. या यादीतले कितीतरी शब्द देहाचे आहेत. आपली भाषा भय पोटात, छातीत, हातापायांत ठेवते, आणि रुग्णही ते तिथेच घेऊन दवाखान्यात येतो. 'चिंता' आणि 'चिंतन' यांचा धातू एकच, विचार करण्याचा. 'काळजी' हा शब्द त्याहून विलक्षण आहे. आपण काळजी करतो ती चिंता असते आणि काळजी घेतो ती शुश्रूषा असते. क्रियापद बदलले की आजाराचा उपचार होतो. डॉक्टरांच्या इंग्रजी प्रपत्रात यातले काहीच उतरत नाही. तिथे 'छातीत दुखणे' असे लिहिले जाते, ईसीजी काढला जातो, तो निर्दोष निघतो, आणि रुग्णाला 'तुम्हाला काही झालेले नाही' असे सांगून बी-कॉम्प्लेक्सचे इंजेक्शन देऊन परत पाठवले जाते. त्याला काहीतरी झालेले असते.

मुंबईत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल १९९०च्या दशकात झिम्बाब्वेमधील हरारे येथे काम करत होते. तिथल्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे. त्याचा अर्थ 'फार विचार करणे'. लोक आपल्या दुखण्याचे कारण म्हणून तोच शब्द सांगत. पाश्चात्त्य निदानसूचीचे भाषांतर करण्याऐवजी रुग्णांच्या अशा बोलण्यातूनच शोना भाषेतली प्रश्नावली तयार झाली. 'डोक्यात फार विचार येतात' हे वाक्य मराठी दवाखान्यात ज्याने ऐकले असेल त्याला या आफ्रिकी शब्दाचे नवल वाटणार नाही.

१९९६ साली पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात 'संगत' ही संस्था सुरू केली. तिच्या कामातला पहिला महत्त्वाचा प्रयोग २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. सामान्य बाह्यरुग्ण विभागात आलेल्या, चिंता किंवा नैराश्याची लक्षणे असलेल्या ४५० रुग्णांचे तीन गट करून एकाला फ्लुऑक्सेटीन, दुसऱ्याला मानसोपचार आणि तिसऱ्याला औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी देण्यात आली. दोन महिन्यांनंतर खरे औषध सरस ठरले. मानसोपचार मात्र त्या खोट्या गोळीपेक्षा वरचढ ठरला नाही. बोलण्याने मन हलके होते यावर आपला सर्वांचा पिढीजात विश्वास, आणि साहित्याचा तर तो पायाच. त्यामुळे हा निष्कर्ष आमच्यासारख्यांना कटू वाटतो. संशोधकांनी तो जसाच्या तसा छापला आणि पुढचा प्रयोग निराळ्या रीतीने बांधला, हे त्यांच्या पदरी जमा करावे लागेल.

तो पुढचा प्रयोग म्हणजे 'मानस'. 'मनशांती सुधार शोध' या कोकणी नावाचे हे आद्याक्षरी रूप. बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खाजगी डॉक्टरांचे दवाखाने अशी चोवीस ठिकाणे घेण्यात आली. बाकावर वाट पाहणाऱ्या रुग्णांना बारा प्रश्नांची चाळणी लावली गेली, आणि तिचा निकाल सर्वच ठिकाणच्या डॉक्टरांना कळवला गेला. निम्म्या ठिकाणी त्याखेरीज एक आरोग्य समुपदेशक नेमला गेला. हा समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हता, परिचारिकाही नव्हता. आरोग्यक्षेत्राशी पूर्वी संबंध नसलेल्या स्थानिक व्यक्तीला सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन उभे केले होते. आधी आजार समजावून सांगायचा, श्वासाचे साधे व्यायाम शिकवायचे. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांचे औषध किंवा नात्यांतील ताणांविषयीची ठरावीक बैठकांची बोलणी. त्यानेही नाही तर तज्ज्ञ. पायरीपायरीने जाणारी अशी ही रचना होती. बोलताना मनोविकाराचे शिक्के टाळून 'टेन्शन' हाच शब्द वापरायचे ठरले. मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांनी हा इंग्रजी शब्द इतका आपलासा केला आहे की त्यात लाज उरलेली नाही. शुद्धिवाद्यांनी तेवढ्यासाठी तरी त्याला क्षमा करावी.

२०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण २,७९६ रुग्ण त्यात होते. निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी सरकारी केंद्रांत, समुपदेशक होता तिथे सहा महिन्यांत ६५.९ टक्के बरे झाले. नव्हता तिथे ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र समुपदेशकाने काहीच फरक पडला नाही: तो होता तिथे ६४.१ टक्के, नव्हता तिथे ६५.९ टक्के. सरकारी केंद्रांतील समुपदेशनाचा खर्च उलट वाचणाऱ्या पैशांतून निघतो, असा हिशेबही २०१२ साली मांडला गेला.

जगभर या प्रयोगाची कीर्ती पहिल्या दोन आकड्यांमुळे झाली. आम्हांला दुसरी जोडी अधिक बोलकी वाटते. ज्या खाजगी दवाखान्यांत काहीच नवे केले नव्हते, चाळणीचा निकाल तेवढा कळवला होता, तिथले रुग्ण सरकारी केंद्रातल्या समुपदेशित रुग्णांइतकेच बरे झाले. खाजगी डॉक्टर रुग्णाला ओळखतो, दरवेळी तोच असतो, थोडा अधिक वेळ देतो, हे एक संभाव्य कारण संशोधकांनीही विचारात घेतले आहे. खाजगी दवाखान्यात जाणारा रुग्ण मुळात बऱ्या परिस्थितीतला असतो, असेही कोणी म्हणेल आणि ते खोडून काढता येणार नाही. तरी आमचे मत असे की, समुपदेशकाने सरकारी केंद्रात जी जागा भरली ती फॅमिली डॉक्टर नावाच्या ओळखीच्या माणसाची होती. २००३ साली जो मानसोपचार निष्फळ ठरला आणि २०१० साली जो फळाला आला, त्यांतला एक फरक तंत्राचा आणि दुसरा, आमच्या दृष्टीने मोठा, दवाखान्यातल्या रोजच्या उपस्थितीचा होता.

एक गोष्ट मात्र टोचते. या प्रयोगांत चिंता आणि नैराश्य एकाच टोपलीत होते. व्यवहारात ते योग्यच, कारण रुग्णांत ती बहुधा एकत्रच आढळतात. पण पुढे २०१७ साली गोव्याच्याच आरोग्य केंद्रांतील ज्या उपचारांचे निष्कर्ष गाजले ते नैराश्यासाठी आणि दारूच्या अतिरेकासाठी होते. विदर्भातल्या खेड्यांतील 'विश्राम' प्रकल्पाने उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर नेले, तेही नैराश्याचेच. चिंतेला स्वतःचे असे स्थान मिळाले नाही. ती घरातल्या थोरल्या बहिणीसारखी सगळ्यांच्या कामाला असते आणि नाव कोणाचे तरी दुसऱ्याचे होते.

हे सारे पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्याला लावून पाहिले तर काय दिसते? १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि देशाला सार्वजनिक क्षेत्रातले पेनिसिलीन मिळाले. त्या पिढीच्या कामगाराला वसाहत होती, कायम नोकरी होती, आणि वसाहतीच्या दवाखान्यात ओळखीचा डॉक्टर असण्याची शक्यता होती. पुढे मोटारींचे कारखाने आले आणि नव्वदीनंतर विस्तार चाकणकडे सरकला. आज म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी या गावांतल्या खोल्यांत मराठवाड्यातला, विदर्भातला, बिहार-ओडिशातला तरुण कंत्राटावर राहतो. पाळी दर आठवड्याला फिरते, त्यामुळे झोप फिरते. कंत्राट किती महिन्यांचे हे ठाऊक नसते. धडधड झाली तर तो रस्त्यावरच्या पहिल्या दवाखान्यात जातो, पुढच्या वेळी दुसऱ्या. कामगार विमा योजनेचे रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरात आहे, पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. पण रजा टाकून, रांगेत उभे राहून 'मला भीती वाटते' हे सांगायला कोण जाईल? 'छातीत दुखते' एवढेच सांगता येते, आणि तेही पर्यवेक्षकाने सोडले तर.

गोव्याची खाजगी दवाखान्यातली अनुकूलता इथे लागू पडत नाही, कारण ती ओळखीवर उभी होती आणि इथे ओळख टिकतच नाही. गोव्याची सरकारी केंद्रातली युक्ती लागू पडू शकते, पण तिथला समुपदेशक गावचा होता आणि रुग्णाची भाषा बोलत होता. चाकणमध्ये तो कोणत्या गावचा असावा? एकाच बाकावर मराठी, भोजपुरी आणि ओडिया बोलणारे रुग्ण बसतात, आणि बारा प्रश्नांची चाळणी या प्रत्येक भाषेत आधी शब्द शोधून मग बांधावी लागेल, हरारेत बांधली तशी. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत बोलता येते. तिचे नाव गोव्याच्या प्रयोगाशी जुळते हा योगायोग. भाषेचा प्रश्न तिने बराच सोडवला आहे. पण तो क्रमांक फिरवण्याआधी आपल्याला जे होते आहे ते टेन्शन आहे, हृदयविकार नव्हे, हे कोणीतरी सांगितलेले असावे लागते. गोव्यात ते बाकाशेजारी बसलेल्या माणसाने सांगितले. चाकणच्या चौकातल्या, रात्रपाळी सुटल्यावर पहाटे उघडणाऱ्या औषधाच्या दुकानात ते कोण सांगणार, याचा प्रयोग अजून व्हायचा आहे.